‘भांडी घासायला पाठवलं नव्हतं’ : आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. मुलगी आमच्या क्लासमध्ये डेंटल असिस्टंटच्या कोर्सला, मुलगा ऑटोकॅडला, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या कोर्सला. तुमचं म्हणणं असं की मुलीला महिनाभर नुसती इन्स्ट्रुमेंटं धुवायला लावली, मुलाला दोन आठवडे कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही, आणि प्रवेश घेताना ‘नोकरी पक्की’ म्हणणारे आता फोन उचलत नाहीत.

शेवटचं आधी घेते, कारण ते खरं आहे. ऑफिसातल्या मुलाला विचारलं, ‘पक्की’ म्हणाल्याचं त्याने कबूल केलं. आम्ही दवाखान्यांत आणि कारखान्यांत मुलांची नावं कळवतो, मुलाखत ठरवून देतो. घ्यायचं की नाही ते तिथले मालक ठरवतात. जिन्यापाशी ‘१००% नोकरी’चा फलक होता, तो काल उतरवला. लावायला परवानगी मीच दिली होती, तेव्हा त्या पोराला एकट्याला काय बोलणार!

‘भांडी घासायला पाठवलं नव्हतं’ हे मात्र मनाला लागलं. मी स्वतः एका डॉक्टरांकडे सात वर्षं हेच काम केलंय. दातांच्या दवाखान्यात असिस्टंटचा निम्मा दिवस सिंकपाशी जातो. स्केलरच्या, म्हणजे दात खरवडायच्या हत्याराच्या टोकाला रक्त वाळून राहिलं, तर त्याच्या खाली वाफ नीट पोचत नाही, मग ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायचं यंत्र) १२१ अंशांवर चालवून उपयोग काय? म्हणून आधी घासायचं, कोरडं करायचं, पाऊचमध्ये भरायचं आणि मग १५ पौंड दाबावर लावायचं. पाऊच ओला निघाला तर पुन्हा पहिल्यापासून. पाऊचवरच्या खुणेचा रंग बदलला म्हणजे झालं निर्जंतुक, असं पहिल्या आठवड्यात सगळ्याच मुली म्हणतात. ती खूण एवढंच सांगते की उष्णता लागली. आत भरगच्च कोंबलं असेल तर मधल्या पाऊचचं काय झालं, ते तिला कुठून कळणार?

आणि त्या महिन्यात तिने धुतलेली इन्स्ट्रुमेंटं सरावाची होती, कुणाच्या तोंडात न गेलेली. रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस-बीची लस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घ्यायची असते. दुसरा डोस झाल्याशिवाय आम्ही कुठल्याच मुलीला दवाखान्यात पाठवत नाही, कारण सुई टोचायची भीती पेशंटच्या खुर्चीपेक्षा सिंकपाशी जास्त. हे प्रवेशाच्या दिवशीच तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही आमची चूक.

मुलाच्या बाजूचं खातं माझ्या मिस्टरांचं. ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात ड्राफ्ट्समन होते. तिथली एक गोष्ट ते प्रत्येक बॅचला सांगतात (मी तर इतक्या वेळा ऐकलीय की मलाही ड्रॉइंग वाचता येईल). अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये होतं, आपल्याकडे सवय फर्स्ट अँगलची (बाजूचा व्ह्यू कागदावर कुठे काढायचा, याच्या या दोन पद्धती). ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये पद्धत कुठली ते सांगणारी छाटलेल्या शंकूची खूण असते, ती कुणी पाहिलीच नाही. बाजूचा व्ह्यू उलटा वाचला गेला, पॅटर्नवर (ज्याच्यावरून ओतायचा साचा करतात त्या नमुन्यावर) बॉस, म्हणजे बाहेर आलेला गोल उंचवटा, भलत्याच बाजूला बसला, आणि ओतलेला अख्खा लॉट परत भट्टीत गेला. ऑटोकॅड असली चूक दाखवत नाही, ते तुम्ही सांगाल तशी रेघ मारतं. बिडाचं कास्टिंग थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा, हेही ते आपणहून सांगत नाही. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत मुलाखतीला गेलं की ऑटोकॅडच्या कमांड नंतर विचारतात, आधी पुढ्यात ड्रॉइंग टाकून ‘वाच’ म्हणतात. म्हणून दोन आठवडे कागद, पेन्सिल आणि हातात एखादा खराखुरा भाग. हे काही बदलणार नाही.

तिसऱ्या रांगेतला कॉम्प्युटर अडकतो, हे मुलाचं म्हणणं बरोबर आहे. रॅम मागवलीय, तोवर त्याला खिडकीजवळचा दिलाय.

‘पक्की’ ऐकून तुम्ही पैसे भरले असतील आणि आता मुलांना काढायचं असेल, तर राहिलेल्या महिन्यांची फी परत करते. फक्त काढण्याआधी दोघांना एकदा विचारा. मुलीचा दुसरा डोस झालाय, सोमवारपासून ती दवाखान्यात जाणार आहे. त्याआधी शनिवारी अकराला या, पावती घेऊन या. सध्या ऑफिसात मीच बसते आणि फोनही मीच उचलते.