होम स्टडीची पूर्वतयारी, अर्थात घर बघायला येणार

भारतातून मूल दत्तक घ्यायचं ठरलं असेल आणि तुमचं बिऱ्हाड न्यू जर्सीत असेल, तर सगळ्यात आधी घरच्या वडीलधाऱ्यांना 'होम स्टडी' म्हणजे काय ते समजावून सांगा. आमच्या आईला वाटलं, मूल यायच्या आधीच त्याची शिकवणी लावली. मग मी सांगितलं की एक सोशल वर्कर बाई येतील, घर बघतील, सगळ्यांशी बोलतील, पगार विचारतील, तब्येत विचारतील, स्वभाव कसा आहे ते बघतील आणि नंतर कळवतील.

"असं होय," आई म्हणाली, "बघायला येणारेत. मग पोहे करू."

तिन्ही मुलगेच असल्यामुळे जन्मभर दुसऱ्यांकडचे पोहे खाऊन 'नंतर कळवतो' म्हणत उठणाऱ्या बाईला ही बाजू नवीन होती.

नाना, म्हणजे माझे वडील, साताऱ्याचे. त्यांना एवढंच कळलं की आपल्या घरातल्या दत्तकाला गोऱ्यांच्या सरकारची मंजुरी लागते. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "1848 साली आप्पासाहेब महाराजांनी मरताना दत्तक घेतला होता. डलहौसीनं नामंजूर केला आणि राज्य खालसा. तुझं काय काय जाईल?" घराचे हप्ते अजून एकवीस वर्षं आहेत म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. खालसा करायलाही आधी बँकेला विचारावं लागणार.

मंजुरी मात्र एका सरकारची नाही, दोन सरकारांची. इकडे इमिग्रेशन खात्याचा आय-800ए हा अर्ज, तिकडे दिल्लीतलं 'कारा', म्हणजे दत्तकाचं काम बघणारी भारत सरकारची संस्था. मध्ये एका देशातून दुसऱ्या देशात मूल दत्तक देण्याबद्दलचा 1993 चा हेग करार, जो भारतानं 2003 साली स्वीकारला आणि अमेरिकेत 2008 साली लागू झाला. त्यामुळे मुलाचा कागद कुठून कुठे जातो हे ठरलेलं आहे, आणि तो मामाच्या ओळखीतून जात नाही. प्रत्येक घरात असतो तसा तुमच्याकडेही एक मामा असेलच. "अरे, कशाला एवढ्या भानगडी? आश्रमाचे ट्रस्टी आपल्यातले आहेत, एक फोन टाकतो." त्याला भारताच्या बाल न्याय कायद्याचं कलम 80 प्रेमानं वाचून दाखवा. कायद्याला बगल देऊन मूल दिलं-घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. आमचा मामा म्हणाला, "दंडाचं बघता येईल, तिथेही ओळख आहे."

आता बोटांचे ठसे. अठरा वर्षांवरच्या, घरात राहणाऱ्या प्रत्येकाची चौकशी होते. आई-नाना ग्रीन कार्डावर आमच्याकडेच असतात, तेव्हा त्यांनाही जावं लागलं. नानांना अंगठा द्या म्हटल्यावर ते ताठ झाले. "मी बी.ए. आहे. सही करतो." आईचे ठसे दोनदा उमटलेच नाहीत. पन्नास वर्षं भांडी घासल्यावर बोटांवर रेषा राहत नाहीत, हे तिथल्या मुलाला कसं सांगावं मला कळेना. तो मॉइश्चरायझर लावा म्हणाला.

प्रशिक्षणही असतं, किमान दहा तासांचं. नाना म्हणाले, "आम्ही तीन मुलं एका तासाच्या प्रशिक्षणाशिवाय वाढवली." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला.

मुलाचं वय आपल्याला हवं तसं मागता येतं या भ्रमातही राहू नका. कारा नवरा-बायकोच्या वयांची बेरीज करतं. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती 85 च्या आत हवी, दोन ते चारसाठी 90, चार ते आठसाठी 100. आमची 91. "एका गुणानं गेलं," आई म्हणाली. तिच्या डोक्यात अजून पत्रिकाच होती.

घराच्या तयारीत मात्र कसूर नको. मी इंटरनेटवर वाचून चोवीस चुंबकी कुलपं आणली आणि स्वयंपाकघराचं एकेक कपाट बंद केलं. बाहेरून दिसत नाहीत, आणि चुंबकाची किल्ली टेकवली की टक्क उघडतात. ही किल्ली मुलाच्या हाती लागू नये म्हणून सुरक्षित जागी ठेवावी, असं पाकिटावर लिहिलं होतं. मी ती सगळ्यात सुरक्षित जागी, म्हणजे एका कपाटात ठेवली आणि ते लावून टाकलं. बाई आल्या तेव्हा साखर, चहापत्ती, कपबशा, नानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि किल्ली, सगळं एकाच इतमामात सुरक्षित होतं. बायकोनं फ्रीजवरचं पंढरपूरच्या विठोबाचं मॅग्नेट काढून दारावर घासून पाहिलं. उघडलं नाही.

गॅसवर कढई मात्र होती आणि पोहे भिजवून झाले होते. इथे एक कौटुंबिक गुपित सांगायला हवं. अमेरिकेतल्या ज्या ज्या मराठी घरात मोहरी तडतडते, तिथे स्वयंपाकघराजवळच्या धुराच्या अलार्ममधली बॅटरी टीव्हीच्या रिमोटमध्ये किंवा नातवाच्या खेळण्यात सापडते. होम स्टडीच्या आदल्या रात्री ती इमानदारीनं परत अलार्ममध्ये घाला. घातलीत तर पोहे करू नका. आम्ही दोन्ही केलं. हिरवी मिरची तेलात पडल्यापासून दहा सेकंदांत तिन्ही मजल्यांवरचे अलार्म एका सुरात ओरडायला लागले. आई टॉवेल घेऊन छताखाली झालर हलवावी तशी उभी, नाना खिडकीशी झटापट करतायत, मी अग्निशामक नळकांडं काखेत धरून सूचना वाचतोय, आणि सोशल वर्कर बाई जिन्यापाशी शांतपणे काहीतरी लिहितायत. नंतर अहवालात पाहिलं. "स्मोक डिटेक्टर कार्यरत असल्याची प्रत्यक्ष खात्री झाली."

न्हाणीघरातल्या नळाखाली त्यांनी थर्मामीटर धरला. मूल भाजू नये म्हणून गरम पाणी 120 फॅरनहाइटच्या वर नको. म्हणजे साधारण 49 सेल्सिअस. नानांच्या भाषेत ते कोमट, पाहुण्यांना पाय धुवायला देतात तसं.

मुलाखतींची तयारी तर पाठांतराशिवाय होऊच शकत नाही. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवतात हे लक्षात घ्या. मला विचारलं, शेवटचं भांडण कधी झालं? मी म्हणालो, आम्ही भांडत नाही, चर्चा करतो. बायकोला तेच विचारलं. ती म्हणाली, आज सकाळी, डिशवॉशरमध्ये ताटं कशी लावायची यावरून, आणि काल संध्याकाळी, ती सकाळी तशी का लावली यावरून. बाईंना कोणतं उत्तर पटलं ते अहवालात लिहिलेलं नाही, पण पुढचे सगळे प्रश्न त्यांनी तिलाच विचारले.

तुम्हाला लहानपणी शिक्षा कशी व्हायची, हाही प्रश्न हमखास येतो. उत्तर पाठ करून ठेवा. "आमच्याकडे संवादावर भर होता." आणि हे उत्तर देताना वडील शेजारच्या खोलीत नाहीत याची खात्री करून घ्या. नाना आतून ओरडले, "सातवीत पायताण काढलं होतं ते विसरलास का?" मग ते स्वतःच बाहेर आले, खुर्ची ओढली आणि बाईंना सांगू लागले की त्या दिवसानंतर पोरगा चार दिवस बोलला नव्हता. तेही जेवले नव्हते. हे दुसरं मला माहीत नव्हतं.

आधीच्या उपचारांबद्दल विचारतील. किती वर्षं, किती वेळा, काय झालं. एका वाक्यात गुंडाळा. आम्ही तसंच ठरवलं होतं. बायको ते वाक्य अर्धं बोलली आणि थांबली. बाईंनी घाई केली नाही.

पण खरी होम स्टडी बाई करत नाहीत, ती पुण्याची मावशी करते, व्हिडिओ कॉलवर. तिचा सराव आधी करा, बाकी सगळं सोपं जातं. "गोरं बघा हो, वाढवताना बरं पडतं." "रक्त कुणाचं, कळतं का?" आणि शेवटी खाली आवाजात, "जात तरी सांगतात ना?" इतक्या अर्जांत मी जातीचा रकाना शोधला, सापडला नाही. मावशीच्या अर्जात तोच पहिला होता.

हॉलमध्ये जोतिराव-सावित्रीबाईंची तसबीर लावा. बाईंना अभिमानानं सांगा की या जोडप्यानं 1874 साली एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, यशवंत नाव ठेवलं, तो पुढे डॉक्टर झाला. मावशीचा फोन असेल तेव्हा मात्र तसबिरीकडे पाठ करून बसा. मी ही गोष्ट तिला सांगायची चूक केली. ती म्हणाली, "बघ, त्यांनासुद्धा चांगल्या घरचंच मिळालं की."

बाईंनी शेवटी आईला एकटीला बसवलं. नातेवाइकांना हे मान्य आहे का, असं विचारलं. याचं उत्तर आम्ही तिच्याकडून आठ वेळा म्हणून घेतलं होतं, "एव्हरीबडी व्हेरी हॅपी." मी दाराआड उभा होतो. आई म्हणाली, "माय सिस्टर आस्किंग कास्ट." मग जरा थांबून, "फर्स्ट आय ऑल्सो आस्क." बाईंचं पेन बराच वेळ चालत होतं. मी मनात अर्ज परत भरायला घेतला.

तेवढ्यात आई उठली आणि कपाटातून गाठोडं घेऊन आली. त्यात एक कुंची. लाल खणाची, गोंडे लावलेली, तान्ह्या बाळाच्या डोक्याला बसेल अशी. कधी शिवली होती ते कुणी विचारलं नाही.

"आई," मी आत जाऊन म्हणालो, "आपल्याकडे येणारं मूल पाच-सहा वर्षांचं असेल."

"मग उसवून मोठी करते. खण आहे माझ्याकडे."

पाच-सहा वर्षांचं मूल कुंची घालत नाही, शाळेत हसतील, असं मी सांगायला लागलो. बाईंनी मला हातानं थांबवलं आणि त्या वस्तूचं स्पेलिंग विचारलं.

अहवाल मंजूर होऊन आला आहे. नानांनी तो दिवा लावून दोनदा वाचला आणि "डलहौसी मेला एकदाचा" एवढंच म्हणाले. आईची मात्र सहाव्या पानावर हरकत आहे. तिथे लिहिलंय की आजीनं मुलासाठी एक टोपी तयार ठेवली आहे. टोपी नव्हे, कुंची, आणि दुरुस्ती कुठल्या खात्याकडे पाठवायची, असं ती रोज सकाळी विचारते.