'भंगार' म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, सदर्न गॉस्पेल म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्यांची ख्रिस्ती भजनं, ती गाणाऱ्या कुटुंबांच्या जुन्या रेकॉर्डी लायब्ररीत का जपायच्या यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. लगेच उत्तर टाकणार होते, मग म्हटलं डोकं थंड होऊ दे. फारसं झालं नाही.

तुम्ही लिहिलंय, "ताई, सगळं यूट्यूबवर असताना सदर्न गॉस्पेलवाल्या कुटुंबांच्या रेकॉर्डी लायब्ररीत जपणं म्हणजे भंगार साठवणं, जरा अभ्यास वाढवा." मत मांडा ना, कोण नको म्हणतंय, पण आधी ताई म्हणायचं आणि त्याच वाक्यात अक्कल काढायची ही कुठली पद्धत? मी टेनेसीत राहते, मुलं शाळेत जायला लागल्यापासून इथल्या एका लायब्ररीत व्हॉलंटियर म्हणून याच रेकॉर्डी हाताळते. तुम्ही लॅकर डिस्क कधी हातात तरी धरलीय का?

ॲल्युमिनियमची तबकडी असते, वर काळा थर, रेडिओ स्टेशनं त्यावर कार्यक्रम रेकॉर्ड करायची. आता तो थर आकसतो, भिंतीच्या रंगासारखे पोपडे सुटतात, वर पांढरं तेलकट काहीतरी येतं ते पुसल्याशिवाय सुई ठेवायची सोय नाही. अशी एक मी पाकिटातून काढली तर निम्मा थर पाकिटातच राहिला. लेबलवर पेन्सिलीने एका फॅमिली ग्रुपचं नाव तेवढं शिल्लक. शोधा आता यूट्यूबवर.

आणि ज्या एलपी वाजतात त्यांचंही ऐका. स्पीयर फॅमिलीने 1921 मध्ये सुरुवात केली, आधी नवरा-बायको आणि नवऱ्याची बहीण-मेहुणा, पुढे पोरंही गायला लागली. त्यांच्या मागून अशी कितीतरी कुटुंबं बस घेऊन गावोगाव हिंडली, कार्यक्रम संपला की दाराशी टेबल मांडून स्वतःच्या पैशाने काढलेल्या एलपी विकायची. मोठी कंपनी नाही, कॅटलॉग नाही, मास्टर टेप कुठे गेली देव जाणे. कोणाच्या तरी गॅरेजमधली एक प्रत लायब्ररीत येते तीच काय ती. मर्फ्रीसबरोला मिडल टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीचं सेंटर फॉर पॉप्युलर म्युझिक 1985 पासून आहे, तिथे शेप-नोटची, म्हणजे प्रत्येक सुराला वेगळ्या आकाराचं चिन्ह असलेली, गाण्याची पुस्तकं पण ठेवतात. ती का, तर अशी पुस्तकं छापणाऱ्या जेम्स वॉनने 1910 मध्ये चार गायकांचं क्वार्टेट फिरायला पाठवलं तेच मुळी पुस्तकं खपवायला! पुस्तक काढून टाकलं तर अर्धी गोष्टच गेली.

शिवाय यूट्यूबवर आहे ते उद्या असेलच असं कोणी सांगितलं? अमेरिकेच्या 2018 च्या कायद्याने 1936 मध्ये बाजारात आलेली रेकॉर्ड 2036 संपेपर्यंत कॉपीराइटखाली आहे, मालकाने तक्रार केली की गेली लिंक.

चक वॅगन गँग हा गॉस्पेल ग्रुप कायम एकाच कुटुंबाचा नव्हता, हे तुमचं बरोबर आहे. डी. पी. कार्टर, एक मुलगा, दोन मुली अशी सुरुवात झाली, पुढे बाहेरचे गायक आले, ते एक वाक्य मी टाकायला हवं होतं. घ्या, मान्य.

कृष्णवर्णीय गॉस्पेलबद्दल एक ओळ नाही म्हणालात. अहो, लेख फॅमिली ग्रुप्सवर होता! त्या रेकॉर्डींसाठी टेक्ससमध्ये बेलर युनिव्हर्सिटीचा वेगळा प्रोजेक्ट आहे, रॉबर्ट डार्डन यांनी सुरू केलेला, तिथे जाऊन वाचा. आणि "गोऱ्यांच्या भजनांचं तुम्हाला काय पडलंय" याला मी उत्तर देणार नाहीये.