गुळानं पंचगंगा धुवायची म्हणे!

आमच्या आत्यानं परवा एक मेसेज पुढं ढकलला. त्यात लिहिलंय: गूळ, ताक आणि 'जपानी जिवाणू' आठवडाभर आंबवा, अमावस्येला पंचगंगेत सोडा, पंधरा दिवसांत पाणी काचेसारखं. जपाननं नद्या अशाच स्वच्छ केल्या. हे दाबून ठेवलंय, कारण परदेशी तज्ज्ञांना आपल्या गळ्यात महागडे एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) मारायचेत. हसून सोडलं असतं. पण आत्याच्या महिला मंडळानं घरटी किलोभर गुळाची वर्गणी सुरू केलीय!

साखर कारखान्याची मळी नदीत सुटली की काय होतं हे कोल्हापूरकराला सांगायला लागावं? बंधाऱ्यापाशी माशांचा खच. मळीतल्या साखरेवर जिवाणू तुटून पडतात, पाण्यातला विरघळलेला प्राणवायू फस्त करतात आणि मासे गुदमरतात. गुळात दुसरं काय असतं? किलोभर साखर पुरती कुजायला साधारण 1.1 किलो प्राणवायू लागतो. चांगल्या नदीच्या लिटरभर पाण्यात तो असतो जेमतेम 8 मिलिग्रॅम. म्हणजे एका किलोला सव्वा लाख लिटरहून जास्त पाण्यातला प्राणवायू. आता घरं मोजा. ताकाचीही तीच गत.

राहिला जपान. तिथल्याच फुकुशिमा प्रांतानं अशी आंबवलेली जिवाणू-द्रावणं तपासली आणि 2008 साली जाहीर केलं, की ती नदी-तलावात ओतणं म्हणजे प्रदूषणात भर. मेसेज लिहिणाऱ्याला हा जपान बरा दिसला नाही.

पाणी जिवाणूच शुद्ध करतात, हे मात्र मान्य करावं लागतं. एसटीपीत तेच राबतात. पण तिथं त्यांना टाकीत हवा देतात, वाढलेला गाळ उपसतात. नदीत ते कोण करणार? आणि जिवाणूंची टंचाई म्हणाल, तर शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या जयंती नाल्यात एकदा डोकावून या. अमावस्येबद्दल मी बोलत नाही.

परदेशी लुटीचं म्हणाल तर नेदरलँड्सच्या वाखेनिंगेन विद्यापीठातल्या गात्झे लेटिंगांचं बघा. 1970 च्या दशकात त्यांनी यूएएसबी ही पद्धत उभी केली. सांडपाणी खालून वर गाळाच्या थरातून चढतं, त्यातले जिवाणू हवेविना घाण खातात, वर बायोगॅस मिळतो. हवा फुंकायची वीज वाचते. या पद्धतीचं पेटंट लेटिंगांनी घेतलंच नाही. हॉलंडच्या थंडीपेक्षा आपल्या उकाड्यात ती जास्त चालते, म्हणून डच सहकार्यातून 1989 मध्ये कानपूरला जाजमऊत 5 एमएलडीचा, म्हणजे रोज 50 लाख लिटर सांडपाण्याचा, प्रकल्प झाला.

ती परिपूर्ण होती असं नाही. बाहेर पडणारं पाणी नदीत सोडण्याइतकं स्वच्छ होईना. मग जपानी संशोधकांनी त्यापुढं स्पंजाचे पडदे टांगले. पाणी त्यावरून झिरपताना हवा आपसूक मिळते, ब्लोअर लागत नाही. हरियाणात कर्नालला भारतीयांसोबत खऱ्या सांडपाण्यावर त्याची चाचणी झाली. जपानकडून घ्यायचंच तर हे घ्या की!