खुर्द की बुद्रुक

माझी मुलगी बर्लिनमध्ये उघड्यावर आली आहे, ही बातमी परवा संध्याकाळी आमच्या गावात माझ्याआधी पोहोचली. मी तालुक्याहून एस.टी.ने परतलो तेव्हा शेजारच्या दोघीजणी माझ्या पत्नीच्या दोन्ही अंगांना बसून तिची समजूत घालत होत्या आणि तिसरीने आमच्याच स्वयंपाकघरात चहा ठेवला होता. पत्नीला काहीही झालेले नव्हते. तासाभरापूर्वीच तिचे मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलणे झाले होते. परंतु इतक्या बायका इतक्या आपुलकीने जमल्यावर न रडणे तिला बरे दिसेना.

खरा प्रकार असा की, मुलगी पदव्युत्तर शिक्षणासाठी गेली, वसतिगृहात खोली मिळाली नाही, म्हणून ती एका मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपते. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आम्ही आधीच तिच्या नावे अडकवून ठेवले आहेत, पण त्या खात्यातून महिन्याला ९९२ युरोंपेक्षा जास्त निघत नाहीत. आता कुठे एक खोली ठरली, तर तिथला घरमालक मूळ भाड्याच्या तिप्पट अनामत मागतो, आणि तिथल्या कायद्याने त्याला तेवढी मागता येते. ती रक्कम पाठवायला मी बँकेत गेलो होतो. दिवस सोयाबीन सोंगणीचे असूनही रांग दारापर्यंत होती.

माझ्यामागे डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले एक गृहस्थ उभे होते. आमच्याच गावचे; तोंडओळख जुनी. मी खिडकीतल्या साहेबांना दोन वाक्ये सांगितली असतील, तोच त्यांनी माझ्या खांद्यावरून मान पुढे काढली.

"काहून जी गुरुजी, पोरीले तिकडं घर नाही काय?"

घर आहे, पण कागद नाही, असे मी म्हणालो, आणि तिथेच चुकलो. कारण मग कागदाचे सगळे सांगावे लागले. नव्या घरी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत सरकारी कचेरीत पत्त्याची नोंद करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते, आणि कित्येक जण खोली देताना बजावूनच ठेवतात की राहायचे तर राहा, नोंद मिळणार नाही. नोंद नसली की बँकेतल्या खात्यापासून पुढची सगळी कामे अडतात, आणि खाते नसले की घरमालक दारात उभे करीत नाही.

"तिथं तलाठी नाही काय?"

"तसाच असतो एक. पण त्याची भेट मिळत नाही. आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते आणि ती आठवडेच्या आठवडे मिळत नाही."

"मंग तलाठीच हाय थो," गृहस्थ समाधानाने म्हणाले.

एवढ्यावर थांबायला हवे होते. पण ऐकणारा मिळाला की आम्हा शिक्षकांचे तोंड थांबत नाही. ही खोली मिळण्याआधी मुलीने सहा घरे पाहिली, आणि प्रत्येक ठिकाणी तिथे आधीपासून राहणाऱ्या पोरांनी तिला स्वयंपाकघरात बसवून भांडी कधी घासतेस, रात्री दहानंतर आवाज करतेस का, असे विचारले आणि मग नंतर कळवतो म्हणून सांगितले, हेही मी बोलून गेलो.

"म्हंजे पाह्याचा कार्यक्रमच झाला न जी! अन् सहाही ठिकाणी पसंत नाही केलं?"

हे वाक्य त्यांनी शेतात हाक मारण्याच्या आवाजात उच्चारले. बचत गटाचे पुस्तक घेऊन रांगेच्या टोकाला बसलेल्या बायकांनी माना वर केल्या. गावात दोन बातम्या का फिरत होत्या, हे मला नंतर उमगले: पोरीला घर नाही, आणि गुरुजींनी गुपचूप सहा स्थळे दाखवली, एकही जमले नाही.

साहेबांनी तोवर माझे कागद तपासले होते. आधार कार्डावर गावाच्या नावापुढे 'खुर्द' आहे, पासबुकावर नाही. "तुम्ही खुर्दला राहता की बुद्रुकला?" त्यांनी मान वर न करता विचारले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक निवासी भारतीय एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकतो. डॉलरची गोष्ट दूर राहिली, मी निवासी आहे हेच सिद्ध होईना. पोरीला पत्ता सिद्ध करायला दोन आठवडे तरी दिले होते. ज्या घरात माझा जन्म झाला त्या घरात मी राहतो हे दाखवायला एकोणसाठ वर्षे मला पुरली नाहीत. रहिवासी दाखला आणा, एवढे सांगून साहेबांनी पुढचा माणूस बोलावला.

पुढचा माणूस म्हणजे तेच गृहस्थ. पीककर्जासाठी त्यांची ही तिसरी फेरी होती, आणि त्यांनाही आठ-अचा उतारा जुना झाला म्हणून परत पाठवण्यात आले. खरिपाचे कर्ज पिकाच्या सोंगणीपर्यंत मिळू नये, याचा मला त्या क्षणी माझ्या दाखल्याहून जास्त राग आला. त्यांना मात्र आला नाही. ते एस.टी.त माझ्याशेजारी बसून, जर्मनीत घराच्या पत्रपेटीवर आपले नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, हे माझ्याकडून दोनदा ऐकून घेत राहिले. आमचा पोस्टमन नुसत्या 'गुरुजी' एवढ्यावर पत्र आणून देतो, असे मी जरा अभिमानाने म्हणालो. मग मी फाट्यावर झेरॉक्स काढायला उतरलो आणि ते बातमीसह गावात पुढे गेले.

काल ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकांकडे तीन गावे असल्यामुळे ते दुपारी उगवले, आणि अर्जावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात म्हणाले. एक सही शिपायाने केली. दुसऱ्या सहीसाठी व्हरांड्यात पाहिले, तर दुपट्टेवाले हजर! "गुरुजीले कोण नाही वळखत?" असे म्हणत त्यांनी पेन घेतला आणि 'अर्जदारास मी लहानपणापासून ओळखतो' या छापील ओळीखाली ऐटीत सही ठोकली. मग वरच्या रिकाम्या जागेवर पेनाचे टोक ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"गुरुजी, तुमचं नाव काय जी?"