‘रूट्स’ खोटी ठरली म्हणजे नेमकं काय खोटं ठरलं?

गुलामगिरीवरच्या ‘रूट्स’ या अमेरिकी टीव्ही मालिकेबद्दल एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्यात म्हटलेलं असतं की मूळ पुस्तकाचा लेखक अ‍ॅलेक्स हेली याची वाङ्मयचोरी न्यायालयात सिद्ध झाली, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला त्यातला कुंटा किंटे हा त्याचा पूर्वज नव्हताच, अमेरिकेने हे सगळं दडपलं, आणि त्यामुळे मालिकेत दाखवलेलं गुलामगिरीचं क्रौर्यही फुगवलेलं आहे. यातलं काही खरं आहे आणि ते आडपडदा न ठेवता मान्य करायला हवं. पण शेवटचं विधान आधीच्यांतून निघत नाही. क्रौर्याचे पुरावे वेगळ्या दप्तरात आहेत.

‘चोरी न्यायालयात सिद्ध झाली.’
सिद्ध झाली नाही, कबूल केली गेली. हॅरॉल्ड कूरलँडर यांनी आपल्या 1967 सालच्या ‘द आफ्रिकन’ या कादंबरीतला मजकूर उचलल्याबद्दल हेलीवर दावा लावला. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात 1978 साली कित्येक आठवडे सुनावणी चालली आणि निकालाआधीच डिसेंबरमध्ये तडजोड झाली. हेलीने 6,50,000 डॉलर दिले आणि त्या कादंबरीतला मजकूर आपल्या पुस्तकात आल्याचं मान्य केलं. मार्गारेट वॉकर यांचा असाच दुसरा दावा मात्र फेटाळला गेला. हेलीची बाजू घ्यावी असं या प्रकरणात काही नाही.

‘हे सगळं दडपलं गेलं.’
मालिका एबीसी या अमेरिकी वाहिनीवर 23 ते 30 जानेवारी 1977 अशी सलग 8 रात्री दाखवली गेली. त्याच एप्रिलमध्ये लंडनच्या संडे टाइम्सने हेलीच्या पश्चिम आफ्रिकेतल्या गँबियातल्या पूर्वज-शोधावर शंका घेणारा लेख छापला. कूरलँडर यांचा खटला उघड न्यायालयात चालला. 1981 साली गॅरी मिल्स आणि एलिझाबेथ शाउन मिल्स या वंशावळ-अभ्यासकांनी व्हर्जिनियाच्या इतिहासविषयक नियतकालिकात सगळी वंशावळ कागदांवर तपासली. दडपलेली गोष्ट अशी छापून येत नाही.

‘कुंटा किंटे हा पूर्वज नव्हताच.’
या मुद्द्यात सगळ्यात जास्त दम आहे. हेलीची साखळी अशी: गँबियातल्या जुफुरे गावातला कुंटा 1767 साली ‘लॉर्ड लिगोनियर’ जहाजातून मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसला आला, व्हर्जिनियातल्या वॉलर कुटुंबाकडे त्याचं नाव ‘टोबी’ झालं, आणि 1790 च्या सुमारास त्याला किझी ही मुलगी झाली, जिच्या वंशातला हेली स्वतःला म्हणवतो. मिल्स दांपत्याला वॉलरांच्या कागदांत टोबी सापडला, पण जहाज येण्याच्या आधीपासून! आधीच्या 4 वर्षांतल्या 6 कागदांत त्याची नोंद आहे. शिवाय 1782 च्या करयादीपूर्वीच तो वारला होता, म्हणजे किझीच्या जन्माच्या किमान 8 वर्षं आधी. साखळी इथे तुटते. जुफुरेत ज्याने किंटे घराण्याची कहाणी सांगितली तो परंपरेने ग्रियो, म्हणजे वंशावळी मुखोद्गत ठेवणारा भाट, नव्हता. आणि हेलीला काय ऐकायचं आहे हे तिथे आधीच पोचलेलं होतं.

पडताळा घेऊ पाहणाऱ्यांसाठी एक खबरदारी. मालिकेने मालकांची आडनावं बदलली आहेत. पुस्तकातले वॉलर मालिकेत रेनॉल्ड्स होतात आणि ली हे मूर होतात. रेनॉल्ड्स नावाने दप्तरं धुंडाळून ‘काहीच सापडलं नाही’ म्हणणं हा पुरावा नव्हे.

चूक कुठे झाली हे कळायला असा शोध कसा घेतात ते पाहावं लागतं. सुरुवात 1870 च्या जनगणनेपासून करतात, कारण गुलामीतून सुटलेल्या माणसांची नावानिशी नोंद घेणारी ती पहिली जनगणना. त्याआधीच्या 1850 आणि 1860 च्या गुलाम-याद्यांत मालकाचं नाव असतं आणि त्याखाली फक्त वय, लिंग, वर्ण. गुलामाचं नाव सहसा नसतंच. म्हणून आधी शेवटचा मालक ओळखावा लागतो. त्यासाठी फ्रीडमेन्स ब्युरो या सुटलेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे मजुरी-करार आणि त्यांच्याचसाठीच्या फ्रीडमन्स बँकेतल्या खातेदारांच्या नोंदी चाळतात, त्याच परगण्यातली गोरी कुटुंबं पाहतात. मालक ठरला की त्याची मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या, खरेदीखतं आणि गहाणखतं. तिथे घोडे, भांडी, बिछाने यांच्या ओळीत माणसांची नावं आणि किंमती मिळतात. मालकाचंच आडनाव सगळे लावत, असं धरून चालणाऱ्याचा शोध पहिल्याच पायरीला भरकटतो. टोबीसारखी नावंही ढिगाने सापडतात, म्हणून नाव जुळलं तरी वय, ठिकाण आणि मालक हे तिन्ही जुळायला हवेत. शेवटची पायरी जहाजाची, आणि तिथे वाट बहुधा संपते, कारण जहाजाच्या कागदांत आकडे असतात, नावं नसतात. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पाच-सात पिढ्या सापडण्याची सवय असलेल्या आपल्याला हा तुटलेपणा चटकन कळत नाही. हेलीने उलट केलं. घरात ऐकलेल्या कहाणीला जुळणारं जहाज शोधलं आणि मधली दप्तरं तिला जुळवून घेतली.

‘म्हणून क्रौर्य फुगवलेलं.’
हे विधान तपासायला हेलीच्या वंशावळीची गरजच पडत नाही. कायदे पुरेसे आहेत. व्हर्जिनियाच्या 1662 च्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचं ठरलं. किझीवर मालकाने बलात्कार केला आणि झालेला मुलगा त्याच मालकाचा गुलाम ठरला, हे मालिकेतलं कथानक त्या कायद्याला धरून आहे. शिक्षा करताना गुलाम मेला तर मालकावर खुनाचा गुन्हा लागणार नाही, हे 1669 साली ठरलं. पळणाऱ्या गुलामाचं पाऊल तोडण्याचं दृश्य अनेकांना अतिरंजित वाटतं. 1705 च्या कायद्यात, जीव जाणार नाही अशा बेताने, अवयव तोडण्याची शिक्षा देण्याचा अधिकार परगण्याच्या न्यायालयाला दिलेला आहे. त्याचा वापरही झाला. लँकेस्टर परगण्यातला बडा जमीनदार रॉबर्ट कार्टर याने 1708 साली बंबारा हॅरी आणि डायना या दोघांची पायाची बोटं तोडण्याचा हुकूम न्यायालयाकडून मिळवला. मालिकेत पकडणारेच परस्पर कुऱ्हाड चालवतात, हा फरक खरा. शिक्षा मात्र कल्पनेतली नाही. किझीला आईबापांपासून तोडून दूर विकणं हेही तसंच. 1790 ते 1860 या काळात सुमारे 10 लाख गुलामांना उत्तरेकडच्या जुन्या गुलामी राज्यांतून दक्षिणेच्या नव्या मुलखांत नेलं गेलं, त्यातले बरेच विकून.

मालिकेला खरा दोष द्यायचा तर तो आफ्रिकेतल्या भागाला द्यावा. गोऱ्यांनी रानात जाळं टाकून माणूस धरणं हा त्या व्यापाराचा नेहमीचा मार्ग नव्हता. युद्धांत आणि छाप्यांत धरलेली माणसं आफ्रिकी सत्ताधीश आणि व्यापारी किनाऱ्यावर आणत आणि युरोपीय ती विकत घेत. आमच्या मते त्या एका दृश्याने खूप मोठा गैरसमज पसरवला. जुफुरेही जगापासून तुटलेलं खेडं नव्हतं. समोरच नदीतल्या बेटावर इंग्रजांचा जेम्स फोर्ट होता.

‘लॉर्ड लिगोनियर’ हे जहाज मात्र खरं आहे. ते 5 जुलै 1767 रोजी 140 गुलाम घेऊन गँबिया नदीतून निघालं आणि 29 सप्टेंबरला अ‍ॅनापोलिसला लागलं तेव्हा 98 उरले होते. 1 ऑक्टोबरच्या मेरीलँड गॅझेटमध्ये ‘निवडक, निरोगी’ गुलामांची जाहिरात आली. विक्रीची तारीख 7 ऑक्टोबर, पैसे रोख किंवा चांगल्या हुंडीने, आणि हेच जहाज परतीला लंडनसाठी तंबाखू भरून घेईल अशी सूचना. 98 पैकी एकाचंही नाव त्यात नाही.