खुलासा : डिफ्लेक्टरने ३० टक्के डिझेल वाचत नाही
सोलापुरातल्या ट्रकमालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘केबिनवर विंड डिफ्लेक्टर बसवा, ३० टक्के डिझेल वाचवा’ असा संदेश फिरतोय. तो चुकीचा आहे. (डिफ्लेक्टर म्हणजे समोरची हवा मालावरून वर वळवणारा, केबिनच्या टपावरचा तिरका फायबरचा तुकडा.)

हिशेब पाहा. एकूण २५ टन वजनाचा ट्रक पुणे महामार्गावर ताशी ६० किमीने धावताना हवेचा रोध साधारण ११०० न्यूटन (बलाचे एकक) असतो, टायरांचा १७०० च्या आसपास. म्हणजे हवेचा वाटा ४० टक्के. ३० टक्के बचतीसाठी हा रोध तीन चतुर्थांशाने घटायला हवा. फायबरच्या एका तुकड्याने ते होत नाही. हवेचा रोध १० ते १५ टक्के घटला तर बचत ४ ते ६ टक्के, तीही सपाट रस्त्यावर, एकसारख्या वेगात. रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून शहरातल्या फेऱ्यांत फायदा नगण्यच.

खरी मेख उंचीत आहे. चादरी-टॉवेलच्या गाठी केबिनच्या वर जातात. तिथे डिफ्लेक्टरची वरची कड मालाच्या उंचीशी जुळवा. साखरेची पोती मात्र केबिनच्या खालीच राहतात, तेव्हा तोच डिफ्लेक्टर समोरचे क्षेत्रफळ वाढवून उलट डिझेल जाळतो. अशा फेऱ्यांना तो काढूनच ठेवा. आणि त्याआधी फडफडणारी ताडपत्री आवळा, टायर थंड असताना हवा तपासा. या दोन्हींना खर्च जवळपास शून्य आहे.