मोफत कार्ड, पण जन्मदाखला?

अमेरिकेत मतदानासाठी फोटो ओळखपत्र सक्तीचं करणाऱ्या कायद्यांवरच्या तुमच्या लेखातलं ‘ओळखपत्र मोफत मिळतं, मग अडचण कुणाला?’ हे वाक्य पटलं नाही. आम्ही टेक्सासमध्ये राहतो. मी लायसन्स दाखवून सहज मत देते, कारण मी गाडी चालवते. इथल्या २०११च्या कायद्याने बंदुकीचा परवाना चालवून घेतला, सरकारी विद्यापीठाचं विद्यार्थी ओळखपत्र मात्र नाही! आणि मोफत कार्डासाठीही जन्मदाखल्यासारखी कागदपत्रं लागतात. दक्षिणेत सुईणीच्या हातून घरीच जन्मलेल्या अनेक वृद्ध कृष्णवर्णीयांकडे तो दाखलाच नाही.

या कायद्यांमुळे एकूण मतदान घटलं नाही, असं २००८ ते २०१८च्या मतदार-नोंदींवरचा एक मोठा अभ्यास सांगतो. लेखात तो यायला हवा होता. पण सरासरी घसरली नाही म्हणून केंद्रावरून परत पाठवलेल्या आजीबाईंचं मत मोजलं जात नाही.